रिंगणातला जमादार

"मधे कोण आहे?" लिमबाबांनी विचारलं.

हैबती चालायचा थांबला नाही. "कुठं मधे?"

"तू ज्याच्याभोवती फिरतोयस, तिथे."

"कोण न्हाई. माती हाय."

"मातीकडे बघून माणूस दात खात नाही."

हैबतीने जबडा सैल सोडला. नजर मात्र हलली नाही. डावा हात रिंगणाच्या मध्याकडे रोखलेला, कंबर त्या बाजूला वळलेली, आणि पाय जमिनीला घासत पुढे... भाताच्या वावरात चिखलातून जाताना माणूस जसा तोलून पाय टाकतो, तसे.

लिमबाबा थोडा वेळ बघत राहिले.

"चांगला चालतोस," ते म्हणाले. "फार चांगला चालतोस. म्हणून विचारलं."

आणि खुरपं घेऊन ते पुन्हा बटाट्याच्या वाफ्यात बसले.

ही साहेबाच्या राज्यातली गोष्ट. सह्याद्रीच्या माथ्यावर गोऱ्यांनी उन्हाळ्यात राहायला एक गाव वसवलं होतं. त्या गावाच्या कडेला त्यांनी एक तुरुंगही बांधला होता. समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी त्यात ठेवत. त्यांच्याकडून रस्ते फोडून घेत, बागा करून घेत. शिक्षा सरल्यावर बहुतेक कैदी कुठे कुठे पांगले. लिम तेवढे राहिले. ओढ्याकाठी त्यांनी तुकडाभर जमीन केली, तिच्यात गाजरं, बटाटे, मटार लावले, आणि उरलेल्या वेळात वेताच्या खुर्च्या विणायला घेतल्या. लोक त्यांना आधी चिन्या म्हणत. मग लिम म्हणू लागले. केस पिकल्यावर लिमबाबा.

रोज उजाडताना लिमबाबा ओढ्याकाठी उभे राहत. नुसते उभे. मग स्वतःभोवती पाणी फिरावं तसे सावकाश हात फिरवत, आणि शेवटी एका रिंगणात चालत. हे त्यांनी लहानपणी आपल्या गावच्या एका म्हाताऱ्याकडून घेतलं होतं. तुरुंगात चार हात जागा होती, तिथेही ते सोडलं नव्हतं. एकदा बिथरलेला रेडा बांधावरून सरळ त्यांच्या अंगावर आला, म्हातारा जागचा हलला नाही, आणि रेडाच छातीला शिंग लावून, फुसफुसून बाजूने निघून गेला, असं बाजारात सांगत असत.

ते ऐकून हैबती घाट चढून वर आला होता.

हैबती खालच्या खोऱ्यातला. तालमीत वाढलेला. त्याचा थोरला भाऊ सुभाना घाटरस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. एका दुपारी सुभाना पाणी प्यायला म्हणून बसला, तो जरा जास्त वेळ बसला. कामावरचा मुकादम होता बयाजी जमादार. त्याने हातातली काठी सुभानाच्या गुडघ्यावर घातली. एकदा नाही. गुडघ्याचं भुस्कट झालं. तेव्हापासून सुभानाला उचलून बाहेर न्यावं लागे, उचलून आत आणावं लागे.

हैबतीने एका बाजाराच्या दिवशी जमादाराला गाठलं आणि ओरडत अंगावर धाव घेतली. जमादाराबरोबरच्या शिपायांनी त्याला मधेच धरला आणि गटारात टाकला. बाजार हसला.

जमादाराने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हेच हैबतीच्या काळजात जास्त रुतलं होतं.

"मला ताकद पायजे," पहिल्या दिवशी तो लिमबाबांना म्हणाला होता, आणि सगळी हकिकत सांगितली होती.

"ताकद आहे तुझ्याकडे," लिमबाबा म्हणाले. "आत येताना माझं फाटक मोडून आलास."

"मग न हलायची विद्या शिकवा."

"कशाला?"

"त्याच्यापुढं हुभा ऱ्हायचंय. आन् मग त्याला आडवा करायचाय. कायमचा."

लिमबाबांनी त्याला वर-खाली न्याहाळलं. "ढकल मला," ते म्हणाले.

हैबतीने आधी एका हाताने ढकललं, म्हाताऱ्या माणसाला ढकलतात तसं, जपून. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावून. समोर हाडाचा सापळा होता, पण ढकललेलं कुठे जात होतं ते कळत नव्हतं. चिडून त्याने सगळं अंग टाकलं... आणि तो बटाट्याच्या वाफ्यात पालथा पडला.

"तेवढ्या ओळीची माती परत लाव," लिमबाबा म्हणाले. "आणि उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला ओढ्याकाठी उभं केलं.

"हात असे धर. पाण्याचा रांजण कवेत घेतल्यासारखे. गुडघे ताठ नकोत. शेंडीला धरून कोणी वर ओढतंय असं समज. बाकी सगळं खाली सोडून दे."

"मग?"

"मग काही नाही."

"किती वेळ?"

"विचारावंसं वाटेनासं होईपर्यंत."

हैबतीला हसू आलं. जोर-बैठका काढून त्याच्या मांड्या तुळईसारख्या झालेल्या. त्याला काय उभं राहायला शिकवायचं? पण थोड्याच वेळात त्या तुळया लटलट कापू लागल्या. खांदे कानाला लागले. घाम डोळ्यांत गेला. आणि राग आला. आधी मांड्यांचा, मग म्हाताऱ्याचा, मग सगळ्यांचा.

लिमबाबांची भाजी बाजारात न्यायला ठकूबाई येत असे. पाटी खाली ठेवून ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"काय रं हैबती, म्हाताऱ्यानं तुला बुजगावणं म्हणून ठेवलाय व्हय?"

"जा की मावशे, आपल्या वाटंनं."

"जाते बाबा. पर डोक्यावर एक मडकं पालथं घाल. मटारला पाखरू शिवायचं न्हाई."

लिमबाबा वेत सोलता सोलता मोठ्याने हसले. हैबतीला दोघांचाही राग आला. पण तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला.

एका सकाळी मांड्या अशाच जळत असताना त्याला जमादार दिसला. समोर, हातभर अंतरावर. पिळदार मिशा, हातात काठी. हैबती त्याच्याकडे बघत राहिला, आणि मांड्यांचं जळणं कुठल्या कुठे गेलं. ऊन डोक्यावर आलं तरी तो उभाच.

"बगितलंत का, बाबा?" तो फुशारकीने म्हणाला. "हललो न्हाई."

"बघितलं."

"मग?"

"तू नव्हतास उभा."

"मग कोण, माझा बाप?"

लिमबाबांनी त्याला रिंगण आखून दिलं आणि चालायला लावलं.

"नजर मधे ठेव," एवढंच सांगितलं.

एवढं सांगणं हैबतीला पुरेसं होतं. मधे कोणाला ठेवायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. रोज तो घाट चढून येई, जमादाराला रिंगणाच्या मधोमध आणून उभा करी, आणि त्याच्याभोवती फिरत राही. इकडून गेलो तर मान हाती येते. तिकडून गेलो तर गुडघा. आधी गुडघा, मग मान. पावसाळा गेला, थंडी आली. रिंगणावरचं गवत गेलं, माती दगडासारखी झाली. हैबतीचं चालणं असं झालं, की ठकूबाईसुद्धा थट्टा करायची थांबली आणि त्याच्या जवळून जाईनाशी झाली.

घरी सुभानाला ते कळत होतं.

संध्याकाळी हैबतीने त्याला पाठुंगळी घेऊन अंगणातून आत आणलं, तेव्हा तो कानाशी म्हणाला, "हैबत्या, तुझ्या मनात काय हाय ते मला कळतंय."

"कळतंय तर गप ऱ्हा."

"त्याला मारलास तर तुला फासावर देतील."

"देऊंद्या."

"मग मला उन्हात कोण नेऊन बसवंल रं? तुझी वैनी? ती पार मोडलीय आदीच."

हैबतीने त्याला घोंगडीवर ठेवलं. जरा आदळलंच. सुभाना कण्हला नाही. त्याचाही हैबतीला राग आला.

"तुला कसा राग येत न्हाई, दादा?"

सुभाना भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी हैबती ओढ्यापाशी पोचला आणि तिथेच थबकला. फाटकाशी जमादार उभा होता. खराखुरा. आणि लिमबाबा त्याला वाकून सलाम करत होते.

जमादाराने शेल्याच्या टोकात मटार बांधून घेतले, दोन शब्द बोलला आणि हसत हसत वळणाआड गेला.

हैबती तीरासारखा आला.

"सलाम केलात त्याला!"

"केला."

"का?"

"मटार घ्यायला आला होता."

"थोबाडावर थुंकायचं हुतं!"

"मटारवर उडालं असतं."

"हसू नका, बाबा!" हैबतीचा आवाज फाटला. "मला वाटलं तुमी कोणतरी हाय. रेड्याला भीत न्हाई म्हणं! आन् जमादारापुढं कमरंत वाकता? दोन पैशाच्या मटारसाठी?"

लिमबाबा उभे राहिले. नुसते.

"तुमचं काय गेलंय?" हैबती म्हणाला. "तुमच्या घरात कोण लंगडा पडलाय का? रिंगणात फिरा, हात फिरवा, गाजरं विका. तुमाला काय ठावं, राग म्हंजी काय ते!"



"खुर्ची सांगून गेलाय," लिमबाबा म्हणाले. "माप द्यायला सोमवारी येईल. तूही ये."

सोमवारी जमादार आला. एकटाच आला. नोकरी सुटायला आली होती. घरी ओसरीवर बसायला त्याला साहेबासारखी वेताची खुर्ची हवी होती.

वेताची खुर्ची बसणाऱ्याच्या अंगावर बेततात. पाठ किती, मांडी किती, हात कुठे टेकतो, हे दोरी लावून बघतात. त्यासाठी लिमबाबांनी एक तिपाई आणली. ती त्यांनी झोपडीच्या सावलीत ठेवली नाही. ती त्यांनी रिंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली.

"बसा, जमादार."

जमादार बसला. मटारची पाटी जवळच होती, तिच्यातली मूठभर मांडीवर घेऊन सोलून खाऊ लागला.

"चाल," लिमबाबा हैबतीला म्हणाले.

हैबतीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"चाल."

तो चालू लागला.

"हा कोण रे घाण्याला जुंपलाय?" जमादार हसला. "तेल निघतंय का काही?"

"पाठ सरळ ठेवा," लिमबाबा म्हणाले आणि त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत दोरी लावली.

हैबती फिरत होता आणि बघत होता. ही मान. हा गुडघा. इतके महिने ज्याला मधे उभा केला, तो आज तिथे बसला होता, हाताच्या अंतरावर. आणि काहीतरी जमत नव्हतं. रोज मधे असायचा तो जमादार ताठ होता. ह्याचं पोट मांडीवर आलं होतं. त्याच्या मिशा काळ्या होत्या. ह्याच्या मिशांना लावलेलं काळं घामाने ओघळत होतं. एका डोळ्यात मोतीबिंदूची पांढरी टिकली. श्वास घेताना छातीत कोंबडीची पिल्लं ओरडावीत तसा आवाज. आपल्याला कोणीतरी फसवलंय असं हैबतीला वाटलं. आणि त्यामुळे त्याचा राग दुप्पट झाला.

तो चालता चालता म्हणाला, "जमादार, घाटरस्त्याच्या कामावर सुभाना हुता. आठवतो?"

"कोण सुभाना?"

"खडी फोडायला. खालच्या खोऱ्यातला."

"अरे, शेकड्यांनी होते बाबा. कोणाकोणाची नावं ठेवू ध्यानात?"

"गुडगा फोडलात त्याचा. काठीनं."

जमादाराने एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

"असेल," तो म्हणाला. "कामावर फुटतात गुडघे."

तो खोटंही बोलला नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. इतके महिने हैबतीने त्याला एक क्षण नजरेआड केला नव्हता, आणि त्याच्या मनात मात्र सुभाना नव्हता, सुभानाचा गुडघा नव्हता. काहीच नव्हतं.

हैबतीचे पाय थांबले.

वेत तोडायचा कोयता ढिगाजवळ पडला होता. तो त्याच्या हातात कधी आला, हे त्याला कळलं नाही. तो रिंगण ओलांडून आत शिरला.

"ए..." जमादार आधी हसला. मग हसायचा थांबला. उठायला गेला, तर तिपाईचा पाय मधल्या, कोणी न तुडवलेल्या मऊ मातीत रुतला आणि तो परत खाली बसला. "ए पोरा... शुद्धीवर ये... लिम, आवर याला!"

लिमबाबा दोरी गुंडाळत होते.

हैबतीने कोयता उचलला. आता म्हातारा मधे पडेल. आता हात धरेल. त्याने लिमबाबांकडे पाहिलं. लिमबाबांनी दोरीला गाठ मारली.

"धरा की मला!" हैबती ओरडला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"मी कशाला धरू?"

"तुमी माझं गुरू न्हाई का?"

"उभं राहायला शिकवलं. उभा राहा नाहीतर घाव घाल. हात तुझा आहे."

मग लिमबाबांनी दोरी खाली ठेवली. अंगातली बंडी काढली. आणि जमादाराकडे पाठ करून ते उभे राहिले.

हैबतीला ती पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत जुने, पांढरे पडलेले वण. आडवे, तिरपे, एकावर एक... खुर्चीच्या पाठीला वेत विणतात तसे.

जमादाराच्या हातातली शेंग गळून पडली.

रस्त्याच्या कामावर येण्याआधी बयाजी जमादार तुरुंगात नोकरीला होता. कैद्याला तीन वाशांच्या तिकाटण्याला, तोंड तिकडे करून बांधत, आणि फटके मारायचं काम त्याचं. तोंडं त्याने कधी पाहिलीच नव्हती. इतकी वर्षं या माणसाकडून तो मटार नेत होता, सलाम घेत होता, आणि त्याने त्याला ओळखलं नव्हतं. पण पाठ त्याने ओळखली.

"तू...?" जमादार म्हणाला. "तो तू?"

लिमबाबा वळले.

ते पुढे आले नाहीत. हात लोंबते, गुडघे सैल, नेहमी ओढ्याकाठी उभे राहत तसेच ते उभे होते. फक्त त्यांचा चेहरा हैबतीने आज पहिल्यांदा पाहिला. हसणारा म्हातारा त्यात कुठेच नव्हता. त्यात जे होतं, ते पाहून हैबती, हातात कोयता असलेला हैबती, दोन पावलं मागे सरला.

जमादार तिपाईवरून घसरला आणि मातीत गुडघ्यांवर आला.

"मला हुकूम होता, लिम... साहेबाचा हुकूम होता... मारू नको."

कोयता हैबतीच्या हातात होता. जमादाराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो रिकाम्या हातांच्या म्हाताऱ्यापुढे हात जोडत होता.

"मारू नको रे..."

लिमबाबा उभेच राहिले. वाऱ्याने मटारच्या वेली हलल्या, थांबल्या...

"त्याचं नाव सुभाना आहे," लिमबाबा म्हणाले.

"काय?"

"नाव. ज्याचा गुडघा तुम्ही फोडलात त्याचं. घ्या."

जमादाराने ओठ चाटले. "सुभाना."

"परत."

"सुभाना."

"याच्याकडे बघून. हा त्याचा भाऊ आहे."

जमादाराने मान वळवली. बऱ्या डोळ्याने त्याने हैबतीकडे पाहिलं. नीट पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सुभाना," तो म्हणाला, आणि या वेळी त्याला काहीतरी आठवलं असावं. कारण त्याचा चेहरा आतून कोसळला. "पाणी... पाणी पीत होता तो."

इतके महिने रिंगणात हैबतीने ज्या ज्या तऱ्हेने या माणसाला मारलं होतं, त्यातल्या कशातही हे वाक्य नव्हतं.

"उठा," लिमबाबा म्हणाले. "माप झालं. खुर्ची पुढच्या बाजाराला घेऊन जा. शिपायांना काय सांगायचं ते सांगा. मी कुठे जात नाही."

जमादाराने मान हलवली. नाही, नाही. तो तिपाईला धरून उठला. धोतराला लागलेली माती झाडायचं भान त्याला राहिलं नाही. फाटकापाशी त्याने एकदा मागे वळून पाहिलं, आणि मग बाकीची वाट तो मागे वळून बघतच गेला.

हैबतीचं मनगट दुखू लागलं, तेव्हा कोयता अजून हातातच आहे हे त्याला कळलं. त्याने तो वेताच्या ढिगावर ठेवला. मग तिपाई उचलून रिंगणाबाहेर आणली. मधे आता खरोखरच माती होती. तिच्याकडे बघायचं कसं, ते त्याला सुचेना.

लिमबाबांनी बंडी उचलली. तिची बाही त्यांना लवकर सापडली नाही. हैबती पुढे झाला, त्याने बाही धरली, आणि म्हाताऱ्याचा हात तिच्यातून ओढून घेतला. वणांवरून कापड खाली सारताना त्याने दुसरीकडे पाहिलं.

"बाबा..."

"हं."

"मी बोललो... तुमाला राग ठावं न्हाई म्हणून बोललो."

"बोललास."

"मला वाटलं, तुमी हितं हुभं ऱ्हाता, चालता, ते राग जावा म्हणून. मला वाटलं, तुमचा तर कवाच गेला असंल."

लिमबाबा बंडीचे बंद बांधत होते. एक बांधला. दुसरा बांधला.

"गेला असता," ते म्हणाले, "तर इतकी वर्षं मी उभा कशावर राहिलो असतो?"